सिंकखालचा पाइप फुटला, क्लेम नाकारला. 'ही जुनी ओल आहे' याला उत्तर काय द्यायचं?

वाकड_३०४

नमस्कार मंडळी. घरविम्याचा क्लेम नाकारलाय. पुढच्या पत्रात नेमकं काय लिहावं हे विचारायला धागा काढतोय. तपशील असा:

वाकडला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, इमारत ११ वर्षांची. पॉलिसी भारत गृह रक्षा, कर्ज देणाऱ्या बँकेमार्फत घेतलेली. इमारतीची विमा रक्कम ३२ लाख, वस्तूंची ६.४ लाख. शनिवार-रविवार घर बंद होतं. सिंकखालच्या अँगल कॉकपासून नळापर्यंत जो अर्ध्या इंची जाळीचा कनेक्शन पाइप जातो, त्याचा नट तुटला. पाणी किचन, पॅसेज आणि बेडरूमभर पसरलं. खालच्यांच्या छतातून ठिबकायला लागल्यावर वॉचमनने डक्टमधला व्हॉल्व्ह बंद केला.

नुकसान: किचन ट्रॉल्यांचे चार सांगाडे, बेडरूम-पॅसेजचं लॅमिनेट फ्लोअरिंग, वॉर्डरोबचा तळ, भिंतींचा खालचा रंग आणि एक गादी. अंदाजपत्रक ३,८५,००० रुपये. कंपनीला कळवलं नवव्या दिवशी. कंपनीने नुकसान तपासायला नेमलेले सर्व्हेअर येऊन गेले आणि मग नकाराचा मेल आला. त्यात तीन कारणं आहेत: (१) नुकसान हळूहळू झिरपण्याने आणि झिजेने झालेलं आहे, (२) उशिरा कळवलं, (३) अंदाजपत्रकाला पुरेसा आधार नाही.

गोची अशी की बेडरूमची एक भिंत बाथरूमला लागून आहे आणि तिथे आधीपासून ओल होती. सर्व्हेअरने त्या भिंतीचे बरेच फोटो घेतले. रिपोर्ट मला मिळालेला नाही.

सर्व्हेची_वही

पत्र लिहिण्याआधी तीन कागद हातात घ्या: पॉलिसीचं पूर्ण वर्डिंग, म्हणजे सगळ्या कलमांचा मजकूर (रकमा आणि नावं असलेलं दोन पानी शेड्यूल नव्हे), सर्व्हेअरचा रिपोर्ट आणि नकाराचा मेल. बँकेमार्फतच्या पॉलिसीत वर्डिंग बहुतेकांकडे नसतंच. ते कंपनीकडे ईमेलवर मागा. त्याच मेलमध्ये सर्व्हे रिपोर्टची प्रत मागा. विमेदाराने मागितली तर ती द्यावी लागते. फोनवर मागू नका, फोनचा पुरावा राहत नाही.

आता वर्डिंग. भारत गृह रक्षा ही १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या साधारण विमा कंपन्यांना ठेवावी लागणारी प्रमाणित पॉलिसी आहे. त्यामुळे कंपनी कुठलीही असो, मूळ कलमं तीच. विमा असलेल्या घटनांच्या यादीत आग, भूकंप, वादळ-पूर वगैरेंसोबत 'पाण्याच्या टाक्या, उपकरणे व पाइप फुटणे किंवा भरून वाहणे' ही घटना स्वतंत्रपणे लिहिलेली आहे. तुमचा दावा थेट तिथे बसतो. २०२१ आधीची लांब मुदतीची पॉलिसी असेल तर ती बहुधा जुन्या स्टँडर्ड फायर अँड स्पेशल पेरिल्स वर्डिंगवर असते. त्यातही पाइप फुटण्याचं कलम आहे. फक्त त्या जुन्या पॉलिसीत वादळ-पुराचा भाग सवलतीसाठी काढून टाकता यायचा, म्हणून पुराच्या दाव्यात ते आधी बघावं लागतं. तुम्हाला तो प्रश्न नाही.

पहिलं कारण बघा. 'झीज' आणि 'झिरपणे' हे शब्द मेलमध्ये आहेत, पण पॉलिसीतल्या कुठल्या कलमाखाली? कलमाचा क्रमांक दिलाय का? नसेल तर पत्रातला पहिला मुद्दा तोच. नुकसान विमा असलेल्या घटनेने झालं हे तुम्ही दाखवायचं. ते एकदा दाखवलं की अपवादाचं कलम लागू पडतं हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची. आणि नट जुना होता म्हणून तुटला, हे मान्य केलं तरी फरक पडत नाही. जुनी वस्तूच फुटते. कंपनी फार तर नट आणि पाइपचे अडीचशे रुपये कापेल, पाण्याने झालेलं पुढचं नुकसान नाही कापू शकत.

दुसरं कारण त्याहून कच्चं. गृह रक्षात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घटना 'ताबडतोब' कळवायची आणि क्लेम फॉर्म नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांत द्यायचा. तुमच्या प्रतीत ते कलम शोधून अधोरेखित करा. शिवाय विमा नियामकाचं (आयआरडीएआय) २० सप्टेंबर २०११ चं परिपत्रक आहे. खरा दावा निव्वळ उशिरा कळवल्याच्या यांत्रिक कारणावरून नाकारू नये, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. पण त्या नऊ दिवसांत तुम्ही काय काढलंत, काय फेकलंत, हे सर्व्हेअर विचारणार आणि ते विचारणं रास्त आहे. उशिरामुळे कंपनीचं नेमकं काय बिघडलं हा खरा प्रश्न. फोटो आणि व्हिडिओ पहिल्या दिवसाचे असतील तर उत्तर 'काही नाही' असं येतं.

तिसऱ्या कारणावर क्लेम पूर्ण नाकारता येत नाही, रक्कम कमी करता येते. जून २०२४ च्या साधारण विम्याच्या मास्टर परिपत्रकात कागदपत्रांअभावी क्लेम फेटाळू नये असं आहे. त्याच परिपत्रकातल्या मुदतीही तपासा: सर्व्हेअरची नेमणूक २४ तासांत, त्याचा रिपोर्ट १५ दिवसांत, आणि रिपोर्टनंतर ७ दिवसांत निर्णय.

एल्बो_टी_सॉकेट

वरचं सगळं कायद्याचं झालं, पण भांडण 'एकदम की हळूहळू' यावर आहे आणि त्याचं उत्तर घरातच मिळतं. पुनर्रंग करायला घेण्याआधी एवढं करून घ्या.

तुटलेला पाइप आहे का? नट बहुतेक पितळी असतो आणि कडेपाशी गोल चीर जाऊन तुटतो. ताजी तुटलेली कड पिवळसर, दाणेदार दिसते. कडेचा थोडा भाग काळपट किंवा हिरवट असेल तर चीर आधीपासून होती एवढंच त्यातून कळतं. पाणी आधीपासून गळत होतं असं नाही. गळत असतं तर नटाच्या बाहेरून आणि खालच्या अँगल कॉकवर पांढरा क्षार साठला असता. बोअरचं पाणी असेल तर महिनाभरातच कडक थर धरतो. म्हणजे नटाबाहेर क्षार नाही, हाच तुमचा सगळ्यात मोठा साक्षीदार. मोबाइलने जवळून, बाजूला पट्टी ठेवून फोटो काढा आणि पाइप पिशवीत घालून तारीख लिहून ठेवा. कंपनीला द्यायची वेळ आली तर पोच घ्या.

आता भिंती. जमिनीवर साठलेलं पाणी भिंतीत वर चढतं तेव्हा डाग खोलीच्या चारही बाजूंना साधारण एकाच उंचीवर येतो, स्कर्टिंगच्या वर चार ते आठ इंच. बाथरूमची ओल तशी नसते. ती एकाच भिंतीला, मधेच कुठेतरी, शॉवरच्या किंवा मिक्सरच्या पाइपाच्या रेषेत असते. तिथे पोपडे सुटतात, लोणा फुलतो, बोट फिरवलं की पांढरी पूड लागते. दोन्ही एकाच खोलीत असू शकतात, आणि तुमच्याकडे आहेतच. पिनवाला मॉइश्चर मीटर घेऊन चारही भिंतींवर जमिनीपासून ६ इंच, १८ इंच, ३ फूट आणि ५ फूट अशा उंचीवर, दर दोन फुटांवर रीडिंग घ्या. ते खोलीच्या आराखड्यावर लिहा. तीन भिंतींवर खाली ओलं, वर कोरडं आणि चौथीवर वरही ओलं असं चित्र आलं की दोन वेगळी कारणं कागदावरच वेगळी दिसतात. स्थापत्य अभियंत्याच्या सहीचा असा एक पानी आराखडा सर्व्हेअरच्या दहा फोटोंना भारी पडतो. विटेच्या भिंतीवर मीटरचा आकडा लाकडासारखा टक्केवारी म्हणून वाचू नका, फक्त तुलना बघा.

लाकूडकाम. ट्रॉल्यांचे सांगाडे पार्टिकल बोर्डचे किंवा एमडीएफचे असतील तर काही तासांत खालून फुगतात. लॅमिनेट फ्लोअरिंगच्या फळ्यांच्या कडा दिवसभरात उचलल्या जातात. दोन्ही एकदम आलेल्या पाण्याशी जुळतं. पण सांगाडे बीडब्ल्यूपी (पाण्याला टिकणाऱ्या) प्लायचे असतील, आणि थर सुटलेले, काळे पडलेले, वाळवी लागलेले असतील तर सर्व्हेअरचा संशय बरोबर आहे. ते प्लाय दोन दिवसांत तसं होत नाही. खोटं लपवायला जाऊ नका, तो भाग दाव्यातून आधीच काढा.

आणखी एक. अर्ध्या इंची उघड्या लाइनमधून मिनिटाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज जातं. बारा धरलं तरी तासाला ७२० लिटर, पाच तासांत ३,६०० लिटर. एवढं पाणी सोसायटीच्या टाकीत दिसतं. पंपवाल्याच्या वहीत त्या दिवशीची पंपाची जादा फेरी असेल, फ्लॅटला मीटर असेल तर त्या महिन्याचं रीडिंग वर गेलेलं असेल. वर्षानुवर्षांच्या झिरपण्यात मीटर असा एका दिवशी उडी मारत नाही.

वाकड_३०४

फार उपयोगी. पण पाइप प्लंबरने बदलला आणि जुना घेऊन गेला. माझ्याकडे तुटलेल्या नटाचे दोन फोटो आणि घरात पाणी असतानाचा व्हिडिओ आहे. वॉचमनने व्हॉल्व्ह बंद केल्याची सोसायटीच्या रजिस्टरमध्ये वेळेसह नोंद आहे. सांगाडे पार्टिकल बोर्डचे आहेत.

एल्बो_टी_सॉकेट

मग काम होईल. नटाचा दुसरा तुकडा कित्येकदा अँगल कॉकच्या किंवा नळाच्या आट्यांमध्येच अडकून राहतो. प्लंबरने पान्याने काढून खाली टाकला असेल, सिंकखाली कोपऱ्यात बघा. नाही मिळाला तर प्लंबरकडून त्याच्या लेटरहेडवर किंवा साध्या कागदावर जबाब घ्या: कुठल्या तारखेला, किती वाजता बोलावलं, काय तुटलेलं दिसलं, काय बदललं, बाकीची लाइन सुस्थितीत होती का. बिलावर 'प्लंबिंग दुरुस्ती' एवढंच लिहिलं असेल तर ते मोघम बिल उलट नडतं. 'सिंकचा तुटलेला १/२ इंच कनेक्शन पाइप बदलला, १ नग' असं हवं. बिल मागच्या तारखेने मात्र नवीन करून घेऊ नका. जुनं बिल आणि आजच्या तारखेचा जबाब, दोन वेगळे कागद.

जमल्यास लाइनची प्रेशर टेस्ट करून घ्या. सगळे नळ बंद करून, एका पॉइंटला हातपंप जोडून ५-६ किलोला दाब धरायचा आणि अर्धा तास काटा बघायचा. काटा हलला नाही तर लपलेल्या पाइपात दुसरी गळती नाही हे सिद्ध होतं. किचनची आणि बाथरूमची लाइन वेगळी असेल तर दोन्ही स्वतंत्र करा. बाथरूमचा काटा पडला तर उत्तम, कारण बेडरूमच्या त्या भिंतीचं कारण बाथरूममध्येच आहे हे त्याने दिसतं.

मोजमाप_बहाद्दर

अंदाजपत्रकाबद्दल कोणी बोललं नाही, आणि क्लेम मान्य झाल्यावर पैसे तिथेच कापले जातात. 'फर्निचर काम ठोक १,६०,०००' असं सुताराने लिहून दिलं असेल तर सर्व्हेअरला ते कापण्यावाचून पर्यायच नसतो. खोलीवार मोजमाप द्या.

समजा बेडरूम ११ बाय १२ आणि पॅसेज ४ बाय १४. फ्लोअरिंग १३२ अधिक ५६ म्हणजे १८८ चौरस फूट, कापाकापीचे दहा टक्के धरून २०७. जुनं उखडणं, खालचा फोम, स्कर्टिंग (बेडरूमचा घेर ४६ फूट, दरवाजा वजा करून ४३ रनिंग फूट) वेगळ्या ओळींत. रंगकाम: ओल सहा इंचच चढली असली तरी भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण रंगवावी लागते, ठिगळ जुळत नाही. पुट्टी मात्र खराब पट्ट्यापुरतीच दाखवा. सर्व्हेअरला पुट्टी आणि रंग यांत तुम्ही फरक केलेला दिसला की बाकीच्या आकड्यांवरही त्याचा विश्वास बसतो. बाथरूमलगतची भिंत तुम्ही स्वतःच वगळा आणि वगळली असं लिहा.

ट्रॉल्यांमध्ये स्टीलच्या बास्केट आणि चॅनल बहुधा पुन्हा वापरता येतात. फक्त सांगाडे, शटर खराब असतील तर शटर, आणि काढणं-बसवणं. बास्केटचे पैसे मागितले की सर्व्हेअर भंगार किमतीवर घसरतो आणि मग सगळीकडेच कापतो.

जीएसटीसह कोटेशन घ्या, क्रमांक असलेलं. तुम्हाला कर परत मिळत नसल्याने तो खर्चाचाच भाग आहे. बिनजीएसटीच्या वहीच्या पानावरचं कोटेशन चालत नाही असं नाही, पण एक तरी नीट असू द्या.

सर्व्हे रिपोर्टमध्ये 'अव्हरेज' म्हणजे विमा रक्कम कमी म्हणून प्रमाणात कपात दिसली तर थांबा. गृह रक्षात अपुऱ्या विम्याची कपात पूर्ण माफ आहे, तिथे ती लावताच येत नाही. वस्तूंची ६.४ लाख ही रक्कमही आपोआप आलेली दिसते. इमारतीच्या २० टक्के, कमाल १० लाख, असं सूत्र आहे. गादी त्यात. भिंतीला पक्का बसवलेला वॉर्डरोब आणि ट्रॉल्या या कायम बसवलेल्या गोष्टी म्हणून इमारतीत मोडतात. सर्व्हेअरने त्या वस्तूंत टाकल्या असतील तर तुमच्या रकमेत फरक पडत नाही, पण दोन्हीकडून वगळलेल्या मात्र नाहीत ना हे बघा.

तारीख_पे_तारीख

आता रस्ता. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी. पत्त्यासकट नाव कंपनीच्या संकेतस्थळावर असतं. त्याच दिवशी नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाका, टोकन क्रमांक मिळतो. फोनच हवा तर १५५२५५. पोर्टलवर निकाल लागत नाही, कंपनीला उत्तर द्यावं लागतं आणि नोंद राहते, एवढाच त्याचा उपयोग.

उत्तर नकारार्थी आलं, किंवा महिनाभर आलंच नाही, की विमा लोकपाल. तुमच्यासाठी पुण्याचं कार्यालय. मुंबई आणि ठाण्यातही कार्यालयं आहेत, बाकीच्यांनी आपली हद्द पाहून घ्यावी. फी नाही, वकील लागत नाही. दाव्याची मर्यादा ५० लाख, २०२३ पर्यंत ती ३० होती. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत जायचं. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, ३० दिवसांत पाळावा लागतो. तुम्हाला मान्य नसेल तर ग्राहक आयोगाचं दार उघडं राहतं.

ग्राहक आयोगात उलटा क्रम चालत नाही. तिथे केस चालू असताना तोच वाद लोकपालाकडे नेता येत नाही. आयोगाची मुदत दोन वर्षं. इथे लोक फसतात: कंपनीला स्मरणपत्रांवर स्मरणपत्रं पाठवत राहतात आणि समजतात की मुदत पुढे सरकतेय. ती सरकत नाही. लोकपालाकडे गेलेला वेळही आपोआप वजा होतो असं धरून चालू नका. नकाराच्या मेलची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

कोर्टाची_पायरी

लोकपालाबद्दल माझं मत थोडं वेगळं. रक्कम चार लाखांची आणि वाद तांत्रिक असेल तर तिथे जरूर जावं. पण मनस्ताप, खर्च, सेवेतली त्रुटी यांचे पैसे लोकपालाकडून मिळायचे नाहीत, तिथे नुकसानीपुरतंच. खालच्या मजल्यावरचे लोकही तुमच्याकडे पैसे मागत असतील आणि भानगड मोठी होणार असेल तर थेट जिल्हा ग्राहक आयोग बरा. अर्ज ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवर ऑनलाइन होतो. फी दाव्याच्या रकमेवर नव्हे, भरलेल्या मोबदल्यावर, म्हणजे इथे प्रीमियमवर ठरते. तो पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. घरविम्याचा प्रीमियम काही हजारांचा असतो.

तीन निकाल जवळ ठेवा, नेट शोधलं की सापडतात. सौराष्ट्र केमिकल्स (सर्वोच्च न्यायालय, २०१९): नकाराच्या पत्रात नसलेलं कारण कंपनी नंतर पुढे करू शकत नाही. म्हणून नकाराचं पत्र जपून ठेवा, कंपनी त्याच तीन कारणांत अडकलेली आहे. न्यू इंडिया विरुद्ध प्रदीप कुमार (२००९): सर्व्हेअरचा रिपोर्ट हा शेवटचा शब्द नव्हे. तिसरा जे. के. सिमेंट (२०२०), तो खाली कोणाला लागला तर.

तारीख_पे_तारीख

फी शून्य हे खरं, पण आयोगातल्या तारखांचं काय? लोकपालाला सगळे कागद मिळाल्यापासून तीन महिन्यांत निवाडा द्यायचा असतो. आधी लोकपाल, पटलं नाही तर आयोग, यात दोन्ही हातात राहतं. थेट आयोगात गेलात की एक हात गेला.

कोर्टाची_पायरी

दोन वर्षांची मुदत संभाळली तर मान्य.

तळमजला_सिंहगडरोड

थोडं अवांतर, पण विषय तोच. पाइप नाही, पावसाचं पाणी. पार्किंगमध्ये साठून तळमजल्याच्या घरात शिरलं. कंपनी म्हणते नदीला पूर नव्हता, त्यामुळे हा 'पूर' नाही. शिवाय टॉयलेटच्या चेंबरमधून उलटं आलेलं पाणी वेगळंच म्हणतात.

कोर्टाची_पायरी

तोच जे. के. सिमेंटचा निकाल. मुसळधार पावसाने कोळसा वाहून गेला होता. 'पूर आणि जलमय होणे' याचा अर्थ फक्त नदी-नाला ओसंडणे एवढाच, असा विमा कंपनीचा मुद्दा होता. न्यायालयाने तो मान्य केला नाही, साठलेल्या पावसाच्या पाण्यालाही शब्द लागू धरले. तुमच्या पॉलिसीत दोन्ही शब्द आहेत, पत्रात 'जलमय होणे' वर जोर द्या. चेंबरचं पाणी बाहेर पाणी साठल्यामुळेच उलटलं हे वेळेने दाखवा: पार्किंगमधला व्हिडिओ आधीचा, टॉयलेटचा नंतरचा. हवामान विभागाची त्या दिवसाची पावसाची नोंद आणि महापालिकेचा किंवा तलाठ्याचा पंचनामा जोडा. पंचनाम्यात 'घरात पाणी शिरले' एवढंच असतं, कितपत ते नसतं. म्हणून भिंतीवरची पाण्याची रेघ पट्टीसकट टिपून ठेवा.

गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून दर पावसाळ्यात येणारी ओल मात्र या कलमात बसत नाही. तो सोसायटीचा खर्च. आदर्श उपविधींत गच्चीची आणि बाहेरच्या भिंतीची पावसाळी गळती सोसायटीने दुरुस्त करायची आहे. टॉयलेट-सिंकमधली आतली गळती ज्या-त्या सभासदाने.

न्यूजर्सीकर

इकडच्या मंडळींसाठी: वरचं अमेरिकेत लावू नका. इथल्या नेहमीच्या एचओ-३ या घरविम्याच्या पॉलिसीत पाइप 'अचानक आणि अपघाताने' फुटणं चालतं, पण आठवडे-महिने चाललेली गळती वगळलेली असते. तिथे वाद तोच, शब्द मात्र पॉलिसीतच छापलेले. भिंत फोडून पाइपपर्यंत पोहोचायचा खर्च बहुधा मिळतो, पाइपचा नाही. बाहेरून जमिनीवरून आलेलं पाणी या पॉलिसीत अजिबात नाही. त्यासाठी एनएफआयपीचा (सरकारी पूरविमा योजनेचा) वेगळा पूरविमा लागतो: घराला कमाल अडीच लाख डॉलर, सामानाला एक लाख, साधारणपणे ३० दिवसांनी सुरू होतो. नुकसानीचं शपथपूर्वक पत्रक ६० दिवसांत द्यावं लागतं, आणि ते चुकलं की दावा बुडतो. ड्रेन उलटण्याचं कलम वेगळे पैसे भरून जोडावं लागतं. तक्रार राज्याच्या विमा विभागाकडे.

वाकड_३०४

खालच्या फ्लॅटवाल्यांचं फॉल्स सीलिंग गेलंय. ते म्हणतात, 'तुम्ही भरून द्या.' माझ्या पॉलिसीतून देता येईल का? आणि पत्राचा मसुदा कोणी बघेल का?

सर्व्हेची_वही

तुमच्या पॉलिसीत तुमचं घर आहे, त्यांचं नाही. तिसऱ्या पक्षाच्या जबाबदारीचं जादा कलम घेतलं असेल तरच देता येईल, शेड्यूल बघा. त्यांची स्वतःची पॉलिसी असेल तर त्यांनी तिथे दावा करावा. पाइप त्यांच्याच घरातला फुटायला हवा अशी अट या कलमात नाही. त्यांच्या कंपनीने पैसे दिले तर ती नंतर तुमच्याकडे वसुलीला येऊ शकते, ते वेगळं. त्यांना लेखी कबुली देऊ नका, आणि तुम्हीही कोणाला 'माझी काही तक्रार नाही' असं लिहून देऊ नका. दुसऱ्या प्रकारचा कागद तुमच्याच कंपनीच्या वसुलीच्या हक्कावर पाणी सोडतो आणि मग क्लेमच अडचणीत येतो.

मसुदा थोडक्यात असा ठेवा:

'दि. … च्या नकाराबाबत. (१) नुकसान पॉलिसीतील "पाण्याच्या टाक्या, उपकरणे व पाइप फुटणे किंवा भरून वाहणे" या विमा असलेल्या घटनेने झाले आहे. आधार: घटनेच्या दिवशीचा व्हिडिओ, तुटलेल्या नटाचे फोटो, सोसायटी रजिस्टरमधील व्हॉल्व्ह बंद केल्याची नोंद, प्लंबरचे बिल व जबाब, अभियंत्याचा ओलाव्याचा आराखडा. (२) नकारात झीज व झिरपण्याचा उल्लेख आहे, मात्र अपवादाचे कलम नमूद नाही. कलम क्रमांक कळवावा. (३) बेडरूमच्या बाथरूमलगतच्या भिंतीवरील जुनी ओल या दाव्याचा भाग नाही, सुधारित अंदाजपत्रकातून ती वगळली आहे. (४) घटना नवव्या दिवशी कळवली असून क्लेम फॉर्म ३० दिवसांच्या आत दिला आहे. (५) सर्व्हे रिपोर्टची प्रत व पूर्ण वर्डिंग द्यावे. दाव्याचा फेरविचार करून देय रक्कम, तसेच विलंबाच्या कालावधीसाठी बँक दरापेक्षा २ टक्के अधिक दराने व्याज द्यावे.'

तिसरा मुद्दा लोक टाळतात, तुम्ही टाळू नका. ती ओल सर्व्हेअरच्या फोटोत आहेच. तुम्ही स्वतः वगळली की कंपनीकडे हळूहळू झिरपण्याचा दुसरा कुठला पुरावा उरतो का, हे त्यांना शोधावं लागेल.

शेवटची गोष्ट पैसे यायच्या वेळची. फेरविचारात कंपनी समजा दोन लाख दहा हजार मान्य करते आणि 'पूर्ण व अंतिम' असा डिस्चार्ज व्हाउचर (रक्कम मिळाली, दावा संपला असं लिहून देण्याचा कागद) पाठवते. सही करण्याआधी त्याच ईमेलच्या उत्तरात 'रक्कम हक्क राखून स्वीकारत आहे, उर्वरित मुद्दे …' असं पाठवा आणि व्हाउचरवरही तेच हाताने लिहा. पॉलिसीत बँकेचं नाव असल्याने चेक कर्जखात्याकडे जाऊ शकतो. रक्कम तुमच्या खात्यात हवी असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आताच मागून ठेवा. शाखेत त्याला वेळ लागतो.